खाजेची दुसरी वाट

पांढरकवड्यालगतच्या टिपेश्वरसारख्या सागवानी रानांपासून कोकणापर्यंत महाराष्ट्रात सर्वत्र ओळखीची असलेली खाजकुयली ही वेल आयुर्वेदाने कपिकच्छू या नावाने मुख्यतः तिच्या बियांसाठी जतन केली. हिवाळ्यात पिकणाऱ्या तिच्या शेंगांवरील सोनेरी-तपकिरी लव मात्र वाटसरूंच्या आणि गुराख्यांच्या शिव्यांचीच धनी राहिली. सुजलेल्या त्वचेला खाज का सुटते, या प्रश्नाचा एक मोठा धागा याच लवेतून उलगडला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचे उत्तर हिस्टामीन हे एकच मानले जाई. त्वचेतील मास्ट पेशींमधून सुटणाऱ्या या द्रव्याचे शरीरावरील परिणाम हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनी १९१० मध्ये वर्णिले, आणि १९३७ मध्ये डॅनिएल बोव्हे यांच्या प्रयोगशाळेत त्याला अडवणारे पहिले औषध सापडल्यावर खाजेचा निकाल लागल्यासारखे वाटले. पित्ताच्या गांधींवर या औषधांचा गुण येई. इसबावर तो फारसा येत नसे, आणि या विसंगतीकडे फार काळ दुर्लक्ष झाले.

१९५५ मध्ये वॉल्टर शेली व रॉबर्ट आर्थर यांनी खाजकुयलीच्या लवेतून म्युक्युनेन नावाचे, प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) वेगळे केले. उष्णतेने निष्क्रिय केलेली लव टोचली तरी खाजत नाही, त्यामुळे दोष टोचण्याचा नसून रसायनाचा आहे हे स्पष्ट होते; शिवाय या खाजेबरोबर हिस्टामीनने उमटणारी भोवतालची लाली फारशी दिसत नाही आणि हिस्टामीनविरोधी गोळीने ती शमतही नाही. म्युक्युनेन नेमके काय करते हे २००८ मध्ये कळले : पेशींच्या पृष्ठभागावरील ‘पार-२’ व ‘पार-४’ या ग्राहींचे, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या प्रथिनांचे, टोक ते छाटते आणि उघड्या पडलेल्या नव्या टोकाने तो ग्राही स्वतःलाच चेतवतो. वेलीने वापरलेली ही युक्ती त्वचेच्या घरचीच आहे, कारण दाहात मास्ट पेशींतून हिस्टामीनबरोबर सुटणारे ट्रिप्टेज हे विकरही ‘पार-२’वर असेच काम करते.

त्यात २००४ मध्ये वर्णिलेल्या इंटरल्युकिन-३१ या, टी-पेशींनी सोडलेल्या आणि थेट चेतातंतूंना उद्दीपित करणाऱ्या संदेशद्रव्याची भर पडली. इसबाच्या रुग्णाला रात्री दिलेली जुन्या पिढीतील हिस्टामीनविरोधी गोळी पुष्कळदा गुंगीमुळे झोप आणते, खाज थांबवून नव्हे. इंटरल्युकिन-३१चा ग्राही अडवणाऱ्या नेमोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत इसबासाठी मान्यता मिळायला २०२४ साल उजाडले.