वत्सगुल्माच्या दोन भाषा

आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथे १९३९ साली मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, तर ब्राह्मणांना दिलेल्या गावाचा तपशील प्राकृतात. कुळाचा अभिमान एका भाषेत, जमिनीचा व्यवहार दुसऱ्या भाषेत!

त्याआधीच्या कार्ल्याच्या प्राकृत लेखांत सुतार आणि सुगंधी द्रव्यांचा व्यापारी हे दाते म्हणून स्वतःच्या नावाने उभे आहेत. पुढे पाचव्या शतकात वत्सगुल्माच्या हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघास दिले. त्याचा लेख संस्कृतात, आणि बुद्धवंदनेपाठोपाठ राजवंशाची स्तुती. येथे दाताच राजपुरुष होता हे खरे. तथापि ज्या भाषेत प्रशस्तीचे साचे तयार असतात, तिच्यात लिहिणाऱ्याचा विचारही त्या साच्यातून वाहू लागतो, असे आम्हांस वाटते.

चुल्लवग्गात ब्राह्मणकुलोत्पन्न दोन भिक्खू बुद्धवचन छंदसात नेण्याची अनुज्ञा मागतात. तथागत ती नाकारतात. मात्र अरणविभंग सुत्तात, एकाच भांड्यास निरनिराळ्या जनपदांत पाती, पत्त, सराव म्हणतात, म्हणून आपल्याच शब्दाचा हट्ट धरू नये, असेही तेच सांगतात.