सौरविद्युत्-शैवलसंवर्धन

सौरविद्युत्-शैवलसंवर्धन : एकाच भूखंडावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा काही अंश सौर पॅनेलद्वारा विजेत रूपांतरित करून उरलेल्या अंशावर उथळ पाण्यात सूक्ष्म शैवलांची वाढ करण्याची पद्धती. उभ्या पिकावर उंच चौकटी बांधून त्यांवर पॅनेल बसविण्याची जी कल्पना गोट्सबर्गर व झास्ट्रो या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडली, तिचे हे जलाशयी रूप होय. नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातील मनमाड हे रेल्वे जंक्शन आणि त्याभोवतीचा मुरमाड, अवर्षणप्रवण मुलूख उन्हाने जितका संपन्न तितकाच पाण्याने दरिद्री असल्यामुळे या पद्धतीची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

पद्धतीचा आधार प्रकाशाच्या स्वरूपात आहे. सूर्यप्रकाशातील सुमारे ४५ टक्के ऊर्जाच ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे प्रकाशसंश्लेषणास उपयोगी पडणाऱ्या पट्ट्यात असते; त्यातही हरितद्रव्य मुख्यत्वे निळा व तांबडा प्रकाश ग्रहण करते, आणि अवरक्त भाग त्याला सर्वस्वी निरुपयोगी असतो. पॅनेलमधील सिलिकॉन मात्र सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतच्या अवरक्त प्रकाशापासूनही वीज निर्माण करते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पुष्कळ शैवले भर दुपारच्या उन्हाच्या दशमांशाने वा पंचमांशानेच तृप्त होतात. त्यावरचा प्रकाश उष्णता होऊन वाया जातो आणि फार वाढल्यास पेशींना अपायही करतो. म्हणून पॅनेलने या अतिरिक्त उन्हातून आपला वाटा उचलला, तर शैवलाचे फारसे काही हिरावले जात नाही. मात्र दाट वाढलेल्या द्रवात वरचा थर प्रकाशाने पोळत असता खालचा थर अंधारात उपाशी असतो, हे ध्यानात न घेता सबंध तळे झाकून दोन्हीकडून पूर्ण उत्पन्न मिळेल असे सांगणे बरोबर नाही; सावली मर्यादेबाहेर गेली की शैवलाचे उत्पन्न घटलेच पाहिजे.

प्रकाशाची ही वाटणी दोन प्रकारे करतात. पॅनेलांच्या रांगांमध्ये अंतर सोडून तळ्यावर ऊन व सावली आळीपाळीने पडू देणे, हा सोपा व स्वस्त प्रकार. अर्धपारदर्शक पॅनेल किंवा प्रकाशगाळण्या वापरून तांबडा-निळा प्रकाश खाली सोडणे व बाकीचा विजेसाठी राखणे, हा अधिक शास्त्रशुद्ध परंतु खर्चिक प्रकार. खुद्द सजीव पेशींकडूनच वीज घेण्याचा तिसरा मार्ग अद्याप प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहे. केंब्रिज येथील संशोधकांनी सिनेकोसिस्टिस या नीलहरित शैवलाच्या आधारे एक लहानसा सूक्ष्मप्रक्रियक सहा महिन्यांहून अधिक काळ चालविल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु तो विद्युत्प्रवाह अत्यल्प होता.

शैवलापासून वीज मिळविण्याचा विचार याहून जुना आहे. कॅलिफोर्नियातील विल्यम ओस्वाल्ड यांनी सांडपाण्यावर शैवल वाढविण्याची उथळ तळी सिद्ध केली आणि १९६० मध्ये आपले सहकारी गोलूके यांच्यासह, त्या शैवलापासून मिथेन वायू व वायूपासून वीज करण्याची तजवीज मांडली. ती मोठी दूरदृष्टीची होती. तथापि उघड्या तळ्यातील शैवल सूर्यऊर्जेचा एक ते तीन टक्के भागच साठविते, तर आजचे सिलिकॉन पॅनेल वीस टक्क्यांच्या आसपास वीज देते. यावरून प्रस्तुत पद्धतीचे मर्म निश्चित होते : विजेचे काम सिलिकॉनकडे सोपवावे, आणि सिलिकॉनला जे कदापि साधणार नाही, म्हणजे प्रथिन घडविणे, कार्बन डायऑक्साइड बांधणे व मलिन पाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषून घेणे, ते शैवलाकडून करवून घ्यावे. एक किलोग्रॅम शुष्क शैवल तयार होताना सुमारे १·८ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बद्ध होतो.

महाराष्ट्रात या दोन्ही अंगांची स्वतंत्र उदाहरणे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे तर स्पिरुलिना या नीलहरित शैवलाचे निसर्गनिर्मित संवर्धनतळेच होय. बेसाल्ट खडकातील त्या विवराचे पाणी इतके अल्कधर्मी आहे, की त्यात इतर जीवांचा निभाव कठीण, आणि त्याचा हिरवा रंग बहुतांशी या शैवलामुळेच आलेला असतो. स्पिरुलिनाच्या शुष्क वजनात ५५ ते ६५ टक्के प्रथिन असते. विजेच्या बाजूस, मनमाडच्या उत्तरेला धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात महानिर्मिती या सरकारी वीजकंपनीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ पासून आहे. आणि पॅनेलांखाली पिके घेण्याचे प्रयोग परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात झाले आहेत.

मनमाडच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न सर्वांत आधी येतो. वागदर्डी धरण आणि पालखेड कालव्याचे आवर्तन यांवर वर्षानुवर्षे अवलंबून राहिलेल्या या शहरात उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येत असे, आणि घरोघरची पिंपे व टाक्या त्या दिवसाची वाट पाहत असत. एक हेक्टर तळ्यावरून एक मिलिमीटर पाण्याची वाफ झाली, की १०,००० लिटर पाणी गेले. वैशाखात हा क्षय दररोज कित्येक मिलिमीटरांचा असतो. पॅनेलांची सावली व वाऱ्याला होणारा अडसर यांनी तो बराच कमी होतो, आणि मनमाडसारख्या ठिकाणी हाच लाभ विजेइतका मोलाचा मानला पाहिजे. तरीसुद्धा पिण्याच्या पाण्यावर अशा तळ्याचा काडीमात्र हक्क असू नये. शहराचे सांडपाणी हाच येथे त्याचा योग्य आधार; शैवलाने सोडलेल्या ऑक्सिजनवर जीवाणू त्यातील घाण कुजवितात आणि निघालेले शैवल खताला किंवा बायोगॅसला जाते. माणसाच्या वा जनावराच्या आहारात असे शैवल येता कामा नये. खाद्य स्पिरुलिनासाठी स्वच्छ पाण्याची, सोडियम बायकार्बोनेट घातलेली निराळी लहान टाकी हवी, व तिच्यातील द्रव गाळून पुन्हापुन्हा वापरावा.

तळे २० ते ३० सेंटिमीटर खोल ठेवून चाकाच्या पात्यांनी पाणी फिरते ठेवावे लागते. प्रकाश असतानाच ढवळण्याची मुख्य गरज असल्यामुळे पॅनेलची वीज साठवणुकीवाचून त्याच घटकेला उपयोगी पडते. उरलेली पंपाला किंवा वाहिनीला देता येते. पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर दर अंशामागे त्याचे उत्पादन साधारण ०·४ टक्के घटते, म्हणून पाण्याच्या सान्निध्यातील गारवा त्यालाही मानवतो. स्पिरुलिनाला ३० ते ३५ अंश तापमान अनुकूल. एप्रिल-मे महिन्यांत सावलीने पाणी चाळिशीच्या खाली राखता येते, परंतु पौषातील थंड रात्रींनी वाढ मंदावते आणि तेव्हा तळ्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालणे भाग पडते. पावसाळ्यात आभाळ भरून आले, की पॅनेल तिरपी वळवून तळ्यावर अधिक प्रकाश सोडावा लागतो, आणि वर्षाच्या विजेचा हिशेब मांडताना हे महिने उणे धरावे लागतात.