उताराचा लगाम

चढावर माणसाच्या बळाची परीक्षा होते आणि उतारावर त्याच्या संयमाची. सायकलीवरून डोंगर चढणाऱ्याला पावलोपावली घाम गाळावा लागतो. खाली येताना मात्र त्याला काहीच करावे लागत नाही आणि नेमके तेच संकटाचे मूळ असते. चढताना खर्ची पडलेली शक्ती उंचीच्या रूपाने साठलेली असते. उतारावर ती वेग होऊन परत येते आणि कोठे तरी जिरवावीच लागते. हे काम ब्रेकचे. ब्रेकने ते कसकसे शिकून घेतले, ह्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात, १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये काही तरुणांनी एक अजब शर्यत भरविली. जाड टायरांच्या जुन्या, जड सायकली डोंगरमाथ्यावर न्यावयाच्या आणि कच्च्या वाटेने भरधाव खाली सोडावयाच्या. वाट जेमतेम दोन मैलांची, पण तेवढ्यात १,३०० फुटांचा उतार. पायडल उलटे दाबले म्हणजे मागच्या चाकाच्या हबमध्ये लागणारा एकच ब्रेक त्या सायकलींना असे. स्वार आणि सायकल मिळून वजन ९० किलो धरले, तर तेवढ्या उतारावर जी शक्ती मोकळी होते ती एक लिटर पाणी उकळीला आणण्यास पुरते. वाऱ्याने व वाटेने आपला वाटा उचलला, तरी पुष्कळशी उष्णता त्या मूठभर हबलाच सोसावी लागे. आतले ग्रीस जळून धूर निघे आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्या मेळ्यातील मंडळी. डोंगरी सायकल नावाचा स्वतंत्र प्रकार रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पुढे ब्रेक सुधारले. तेलाच्या दाबावर चालणारे चकतीचे ब्रेक आले आणि एका बोटाच्या दाबाने चाक रोखता येऊ लागले. उष्णतेचा प्रश्न पुष्कळसा मिटला. परंतु त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. ब्रेकचे बळ आता टायरच्या पकडीहून अधिक झाले. उतारावर भार पुढे झुकतो, म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकाला करावे लागते. ते चाक जखडले आणि जमीन निसरडी असली, तर ते फिरायचे सोडून घसरू लागते. दुचाकीचा तोल पुढचे चाक किंचित इकडेतिकडे वळवून राखला जातो. घसरणारे चाक वळविले तरी दिशा बदलत नाही, आणि स्वार क्षणार्धात आडवा होतो. जमिनीची पकड घट्ट असली, तर मागचे चाक उचलले जाऊन तो हँडलवरून पुढे फेकला जातो. जो ब्रेक तारावयाचा, तोच असा मारक ठरतो. मुरलेला स्वार म्हणूनच ब्रेक एकदम आवळीत नाही. दाबतो, चाक अडखळते असे वाटताच ढील देतो आणि पुन्हा दाबतो.

ही बोटांची विद्या यंत्राला शिकविण्याचा यशस्वी उद्योग आधी विमानांच्या बाबतीत झाला. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडच्या डनलॉप कंपनीने विमानांसाठी ‘मॅक्सारेट’ नावाची योजना आणली. चाकाबरोबर एक लहानसे जड चक्र फिरत असे. चाक एकाएकी मंदावले की ते चक्र आपल्या वेगात पुढे धावे व झडप उघडून ब्रेकचा दाब सोडून देई. १९५८ मध्ये हीच योजना रॉयल एन्फील्डच्या सुपर मीटिअर मोटारसायकलीवर बसवून पाहण्यात आली. पण त्या काळी ती बाजारात आली नाही. १९७८ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक योजना मर्सिडीज मोटारींत आली आणि १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने ती मोटारसायकलीवर आणली. भारतात १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना ती २०१८-१९ मध्ये सक्तीची झाली.

साधी सायकल ह्या परंपरेबाहेर राहिली. अशी योजना चालविण्यास वीज हवी, आणि सायकलीवर ती कोठून यावी? बॅटरी व मोटर असलेल्या सायकलीने ही अडचण दूर केली आणि त्याबरोबर गरजही वाढविली. पूर्वी डोंगरमाथ्यावर पोहोचत असे तो बहुधा सरावलेला स्वार. चढच नवशिक्याला परतवीत असे. मोटरने चढाचा तो पहारा उठविला. वीस-पंचवीस किलोंची जड सायकल घेऊन अननुभवी माणूसही शिखरावर जाऊ लागला. चढ सोपा झाला, उतार मात्र होता तसाच राहिला.

२०१७ मध्ये बॉशने विजेवरच्या सायकलीसाठी चाक जखडू न देणारा ब्रेक प्रसिद्ध केला. दोन्ही चाकांचा वेग मोजला जातो. पुढचे चाक जखडू लागले, की त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर कमी होतो आणि पकड येताच पुन्हा वाढतो. मागचे चाक उचलले जाऊ नये, ह्याचीही काळजी तो घेतो. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत यंत्रणा लहान झाली आणि डोंगरवाटांसाठी तिची निराळी जुळणी आली.

ह्या योजनेला मर्यादाही आहेत. सुट्या खडीवर जखडलेले चाक स्वतःपुढे दगडांचा ढीग रचून कधीकधी लवकर थांबते. तेथे दाब सोडणारा ब्रेक अंतर वाढवू शकतो. अवघड वळणावर निष्णात स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवितो. म्हणून ते चाक त्याच्याच हाती ठेवलेले आहे. जमिनीत नसलेली पकड कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही, आणि वळणापलीकडे काय आहे हेही त्याला दिसत नाही. उतारावर वेग किती घ्यावा आणि ब्रेक कधी धरावा, हे ठरविणे अजून स्वाराकडेच आहे. तो सोडावा कधी, एवढेच यंत्राने शिकून घेतले आहे. नवख्या माणसाला घरी सुखरूप पोहोचविण्यास पुष्कळदा तेवढेही पुरेसे होते.