रसद : जी पोहोचते ती

रसद म्हटले की डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. वेढा पडतो, रसद तुटते, अंबारखाना रिकामा होतो आणि भलाभला किल्लेदार टेकीस येतो. इतिहासाच्या पुस्तकात हा शब्द असा वेढ्याच्या सोबतीने भेटतो, म्हणून त्याचा अर्थ आपण धान्यापुरताच धरतो. त्याचे मूळ मात्र प्रवासाचे आहे.

फारसीत ‘रसीदन’ म्हणजे पोहोचणे. ‘रसद’ म्हणजे पोहोचते, ‘रसीद’ म्हणजे पोहोचले. एकाच क्रियापदाची ही दोन रूपे मराठीत नामे होऊन आली. माल वाटेवर असेपर्यंत रसद, हाती पडला की रसीद. रसीदेला मराठीने दिलेले शब्दही त्याच अर्थाचे : पावण्यावरून पावती, पोचण्यावरून पोच. पेशवाईत महसूल गोळा करणारा कमाविसदार सरकारात जो आगाऊ भरणा करी, त्यालाही रसदच म्हणत. वसुलीच्या आधीच पोहोचलेला तो पैसा!

हा शब्द आज सर्वांत चपखल बसतो तो भर समुद्रात. ‘आयएनएस दीपक’ हे 2011 साली मुंबईत नौदलात दाखल झालेले, युद्धनौकांना रसद पुरवणारे जहाज 175 मीटर लांबीचे, पूर्ण भरले की सुमारे 27,500 टनांचे. युद्धनौका त्याच्या बगलेला येते. चाळीस-पन्नास मीटरचे अंतर राखून दोन्ही जहाजे एकाच वेगाने चालत राहतात. बंदुकीने एक बारीक दोरी पलीकडे सोडतात. तिच्यामागून जाड दोर जातो, मग पोलादी तार आणि त्या तारेला लोंबकळत तेलाची नळी. अंतर दाखवणाऱ्या एका दोरीवर ठरावीक टप्प्यांनी रंगीत निशाणे बांधलेली असतात. त्यांवरची नजर क्षणभरही हलत नाही, कारण अंतर घटले तर टक्कर, वाढले तर नळी तुटायची. दाणागोटा, औषधे, सुटे भागही अशाच तारेवरून जातात. युद्धनौकेला बंदर गाठावे लागत नाही. बंदरच तिच्यापर्यंत पोहोचते.

आपल्या नौदलाने या जहाजांना दीपक, ज्योती, आदित्य, शक्ती अशी नावे दिली. तेल वाहणाऱ्यांना उजेडाची आणि बळाची नावे शोभतात.

बातम्यांत मात्र त्यांना नुसते ‘टँकर’ म्हणतात. त्या शब्दात तेल आहे, पण दाणागोटा नाही, पोहोचणेही नाही. ‘रसदजहाज’ म्हणावे. अरबीत ‘जहाज’ म्हणजे मुळात सरंजाम, सामानसुमान. ‘दहेज’ही त्याच घरातला. म्हणजे रसदजहाज या एका शब्दात सरंजामही आला आणि त्याचे पोहोचणेही. शब्द घरातच आहे, तो वापरात आणू या.