देवीची लस आणि आईची शंका

शिरूरचे नाव निघाले की इतिहासाच्या वाचकाला 1817 च्या अखेरीस तिथल्या छावणीतून कोरेगावच्या दिशेने निघालेली कंपनीची पलटण आठवते. दौंड म्हटले की आगगाडी आठवते. पलटणी आणि आगगाड्या यांनी माणसांबरोबर रोगही गावोगाव नेले, याची आठवण मात्र फारसे कोणी ठेवत नाही. घोडनदीच्या काठी काय किंवा भीमेच्या काठी काय, बाळाला टोचायची वेळ आली की आई आजही एकच प्रश्न विचारते: "याने माझ्या लेकराला काही होणार नाही ना?" हा प्रश्न दोनशे वर्षांचा जुना आहे. तो निव्वळ अडाणीपणाचा आहे असे जे म्हणतात, त्यांनी हा इतिहास अर्धाच वाचला आहे.

देवीचा रोग आपल्या आजीपणजींनी पाहिला होता. घरात देवी आल्या की दारावर कडुलिंबाचा डहाळा लागे, चुलीवर फोडणी बंद होई. मूल वाचले तरी चेहऱ्यावर व्रण राहत, कित्येकांचे डोळे जात. या रोगावर इंग्लंडात जेन्नरने 1796 साली उपाय काढला. गाईच्या आचळावर येणाऱ्या सौम्य देवीची लस माणसाला टोचली, तर माणसाच्या देवीपासून त्याचे रक्षण होते, हे त्याने दाखवले. ती लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा प्रवास करीत मुंबईला पोहोचली आणि 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी टोचणी. तिच्या दंडावरच्या फोडातून इतर मुलांना लस मिळाली, आणि पुढे ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास इथवर गेली.

येथे थोडे थांबले पाहिजे. ही लस गेली कशी? बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. लस जिवंत राहायची ती मुलांच्या दंडावर. एका मुलाला टोचायचे, आठवड्याने त्याचा फोड भरला की तो फोडून दुसऱ्याला टोचायचे. म्हणजे आपल्या मुलाला टोचून भागत नसे. देवी डॉक्टर आठव्या दिवशी परत येणार, दुखरा फोड उघडणार आणि त्यातले पाणी परक्या मुलासाठी नेणार. मुले लपवणाऱ्या आयांना सरकारी कागदांत हटवादी ठरवले गेले. त्या विटाळाच्या कल्पनेने बिचकत हे खरे. पण त्यांची भीती सर्वस्वी खोटी नव्हती. इटलीत रिव्हाल्टा गावी 1861 साली याच रीतीने टोचलेल्या 63 मुलांपैकी 40 हून अधिक मुलांना उपदंशाची बाधा झाली होती.

लोकांची समजूत पटावी म्हणून खटपटी झाल्या, त्यातली एक मोठी गमतीची आहे. 1819 साली मद्रासच्या वर्तमानपत्रात असे छापून आले की ही विद्या धन्वंतरीच्या संस्कृत ग्रंथातच आहे! तो आधार बनावट होता. हेतू चांगला असेल, पण खोट्याच्या टेकूवर आरोग्य उभे राहत नाही, असे माझे मत आहे. मुंबई इलाख्यात 1827 पासून फिरते टोचणारे नेमले गेले आणि 1877 च्या कायद्याने मुंबई शहरात टोचणी सक्तीची झाली. पण आयांची खरी अडचण दूर केली ती वासरांनी. वासराच्या कातडीवर लस वाढवू लागल्यावर मुलाचा फोड फोडण्याचे कारणच उरले नाही. बेळगावात टिळकवाडीच्या मैदानाला व्हॅक्सिन डेपो म्हणतात, ते या वासरांच्या लशीच्या कारखान्यावरून.

पुढे प्लेग आला. हाफकिनने मुंबईत लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात गोरे सोल्जर घरांत घुसून झडत्या घेत होते आणि त्याची परिणती रँडच्या वधात झाली. त्या सक्तीत सरकारच्या हातातली सुईही लोकांना संशयास्पद वाटली, तर नवल काय! त्यातच 1902 साली पंजाबात मुलकोवालला एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने गेली. दोष हाफकिनवर आला. पुष्कळ उशिरा, 1907 साली, तो निर्दोष ठरला. त्या गावी जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता बाटली उघडली गेली होती. लस मूळची शुद्ध होती.

आज आरोग्य केंद्रात जी काळजी घेतात, ती अशाच चुकांतून आली आहे. सिरिंज एकदा वापरली की आपोआप अडकते. कुपीवर वर्तुळात एक फिका चौकोन असतो. उष्णतेने तो गडद होतो आणि वर्तुळाच्या रंगाला आला की ती कुपी टाकून देतात. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, कारण क्वचित एखाद्याला तीव्र अ‍ॅलर्जी होते आणि तिच्यावर तिथेच उपचार करता येतो. एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज, रडणे, हे मात्र पुष्कळ मुलांना होते, आणि ते आईला आधीच सांगायला हवे. तापाने घाबरलेली आई दुसऱ्या डोसाला येत नाही.

देवीचा देशातला शेवटचा रुग्ण 1975 साली आढळला, पोलिओचा 2011 साली. गोवर मात्र वाट पाहत असतो. 2022 साली मुंबई, भिवंडी, मालेगावात तो उसळला आणि लहान मुले दगावली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो, आणि नेमका या मधल्या काळात पुष्कळ कुटुंबांचा मुक्काम हलतो. गळीत हंगाम लागला की दौंडच्या ऊसपट्ट्यात तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. रांजणगावच्या कारखान्यांसाठी परप्रांतांतून बिऱ्हाडे शिरूर तालुक्यात येतात. पहिला डोस बीडकडच्या गावी झालेला, दुसऱ्याची तारीख फडावर येते. त्या वेळी पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी, बाळाचे लसीचे कार्ड सापडले तर परिचारिका मागचे शिक्के पाहून राहिलेला डोस तिथेच देते. कार्ड हरवले असले तरी बाळाला परत पाठवायचे नसते. आईला विचारून यादी पुन्हा लिहायची असते.