राज्याआधीचा महाराष्ट्र : एका रणजी संघाची कुळकथा

रणजी करंडक स्पर्धेत खेळणारा महाराष्ट्राचा क्रिकेट संघ महाराष्ट्र राज्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा आहे. स्पर्धेचा पहिला हंगाम 1934-35 चा, आणि हा संघ त्या हंगामापासून मैदानात आहे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला तो 1946 मध्ये; राज्य प्रत्यक्षात आले 1 मे 1960 रोजी. तोवर या संघाने दोनदा करंडक जिंकला होता आणि आजही अबाधित असलेला एक विक्रम केला होता. नाव मात्र मोठे आणि मुलूख छोटा, अशी त्याची सुरुवातीची स्थिती होती. पुणे आणि भोवतालचा मराठी प्रदेश एवढीच त्याची खरी पोच. मुंबईचा संघ वेगळा होता. नागपूर आणि वऱ्हाड मध्यप्रांताच्या संघात गेले होते. मराठवाडा तर ब्रिटिश मुलखातच नव्हता, तो निजामाच्या राज्यात होता.

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यातले घाटनांदूर हे या हद्दींचा खेळ समजून घ्यायला सोयीचे गाव आहे. निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून परळीपर्यंत जो मार्ग टाकला, त्यावर परळीच्या अलीकडे हे स्थानक लागते. गाडीचे तोंड हैदराबादकडे होते, कचेरीचे कामकाज हैदराबादकडे होते, आणि क्रिकेटच्या नकाशावरही गाव हैदराबादच्याच बाजूला पडत होते. त्यात कमीपणा काहीच नव्हता. हैदराबादच्या संघाने 1937-38 च्या अंतिम सामन्यात नवानगरला एका गड्याने हरवून करंडक पटकावला, तेव्हा पुण्याच्या मंडळींच्या हाती अजून काही लागलेले नव्हते. त्या काळी घाटनांदूरच्या एखाद्या क्रिकेटवेड्याला ‘आपला संघ’ कोणता असे विचारले असते, तर उत्तर हैदराबाद हेच आले असते.

महाराष्ट्र संघाचे मूळ पुण्याच्या जिमखान्यांत आहे, आणि त्या मुळाशी एक पगारी नोकर आहे. पळवणकर बाळू हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पूना क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे आणि गोऱ्या सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम करत. जे. जी. ग्रेग हा तिथला नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्यासमोर सराव करी. बाळूंच्या हाती चेंडू दिला गेला, बॅट कधी दिली गेली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि असा डावखुरा फिरकी गोलंदाज दुसरा नव्हता, म्हणून त्यांना संघात घेणे भाग पडले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा त्यांचे खेळण्याचे दिवस केव्हाच सरले होते. पण पुण्यात क्रिकेट मुरले ते ज्यांच्यामुळे, त्यांत पहिला मान या चार रुपये पगाराच्या माणसाचा आहे, आणि संघाच्या कौतुकाच्या कथांत तो फार उशिरा येतो.

संघाला घडवले ते मात्र एका प्राध्यापकाने. दिनकर बळवंत देवधर (1892-1993) सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवत. 1926 मध्ये आर्थर गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत अखिल भारतीय संघाकडून त्यांनी 148 धावा केल्या होत्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला 1932 मध्ये. त्या वेळी देवधर चाळिशीचे होते, त्यामुळे कसोटीचे दार त्यांच्यासाठी उघडलेच नाही. त्यांनी आपली सगळी हौस महाराष्ट्राच्या संघावर फेडली. त्यांच्या नेतृत्वाखाली 1939-40 मध्ये पुण्यात संयुक्त प्रांताला हरवून संघाने पहिला करंडक मिळवला आणि पुढच्या वर्षी मद्रासला मद्रासमध्येच हरवून तो राखला. त्याच 1939-40 च्या हंगामात सांगलीच्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. रणजी करंडकातले हे पहिले त्रिशतक.

त्या दिवसांतले धावांचे आकडे आज वाचताना छपाईची चूक वाटावी असे आहेत. 1940-41 मध्ये पुण्यात महाराष्ट्राने मुंबईविरुद्ध 675 धावा केल्या, त्यात अठ्ठेचाळीस वर्षांच्या देवधरांच्या 246. मुंबईने उत्तरादाखल 650 केल्या आणि पंचवीस धावांच्या फरकावर सामना महाराष्ट्राकडे गेला. मार्च 1949 मध्ये याच दोन संघांत पुण्यात जो उपांत्य सामना झाला, त्यात मुंबईने 651 आणि 714, तर महाराष्ट्राने 407 आणि 604 धावा काढल्या. एकूण 2376. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त धावा जगात कुठेही झालेल्या नाहीत. नऊ शतके लागली. चौथ्या डावात 604 करूनही महाराष्ट्र 354 धावांनी हरला. पाटा खेळपट्टी, निकाल लागेपर्यंत चालणारे सामने आणि चेंडू टाकून टाकून थकलेले गोलंदाज, यांतून हे आकडे निघाले. फलंदाजांचे कौतुक करताना त्या गोलंदाजांचीही दया यावी.

या सामन्याआधी तीनच महिने, डिसेंबर 1948 मध्ये, पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडविरुद्धचा सामना झाला. निजामाचे राज्य भारतात विलीन होऊनही तेव्हा तीनच महिने लोटले होते. काठेवाडचा डाव 238 वर आटोपला. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले आणि कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी 455 धावा जोडल्या. भांडारकर 205 वर बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी मध्यंतर झाले तेव्हा धावफलकावर 4 बाद 826 होते आणि निंबाळकर नाबाद 443. डॉन ब्रॅडमनचा 452 चा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी निरोप दिला की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आणि ते खरेच निघाले. आपल्या संघाचे नाव विक्रमाच्या नोंदीत हरणारा म्हणून कायमचे राहू नये, एवढेच त्यांना हवे होते. झाले उलटे: काठेवाडचा संघ विस्मरणात गेला आणि आज त्याचे नाव निघते ते मैदान सोडल्याबद्दलच. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधला भारतीयाचा सर्वोच्च डाव अजूनही हाच आहे. निंबाळकरांना भारताच्या कसोटी संघात एकदाही स्थान मिळाले नाही.

संस्थाने गेली तसे त्यांचे संघही गेले. नवानगर आणि काठेवाड सौराष्ट्राच्या वाटेने गेले, इंदूरच्या होळकरांचा बलाढ्य संघ मध्य भारतात विरला, सिंध फाळणीनंतर पलीकडे राहिला. बडोदा आणि हैदराबाद तगले. महाराष्ट्रही तगला, आणि त्याच्या बाबतीत तर गंमत अशी की संघ जागेवर राहिला आणि प्रदेश त्याच्याकडे चालत आला. अमेरिकेतल्या जुन्या व्यावसायिक बेसबॉल संघांचे याच्या अगदी उलट असते. तिथे मालक संघाला उचलून दुसऱ्या शहरात नेतो. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे डॉजर्स 1958 च्या हंगामापासून लॉस एंजेलिसचे झाले आणि ब्रुकलिनचे चाहते पोरके झाले. महाराष्ट्राचा संघ कुठे गेला नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि क्रिकेटची हद्दही यथावकाश त्यामागून गेली. घाटनांदूरच्या पोराने आता निवड चाचणीसाठी हैदराबादऐवजी पुण्याकडे बघायचे होते. रेल्वेचा मार्ग मात्र तोच राहिला, त्यामुळे नवे क्रिकेट केंद्र जुन्यापेक्षा अडचणीचे होते.

विदर्भाचे तसे झाले नाही. राज्य एक झाले, पण नागपूरचा संघ स्वतंत्र राहिला, आणि मुंबई-ठाण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यामुळे एकाच राज्याचे तीन संघ रणजीत उतरतात. मुंबईने करंडक 42 वेळा जिंकला, विदर्भाने तीनदा, तेही सगळे 2018 पासून पुढचे. महाराष्ट्राच्या खात्यावर देवधरांच्या काळातले ते दोनच आहेत. राज्याचे नाव वागवणारा संघ राज्यात तिसरा ठरावा, ही सल पुण्यात बोलून दाखवली जात नसली तरी असतेच.

खेळाडूंचा तुटवडा कधीच नव्हता. खडकवासल्याला 1956-57 मध्ये वसंत रांजणे यांनी पदार्पणातच सौराष्ट्राचे 35 धावांत 9 बळी घेतले. चंदू बोर्डे 55 कसोटी खेळले. यजुर्विंद्रसिंह यांनी 1977 मध्ये इंग्लंडविरुद्ध बंगळुरूच्या कसोटीत सात झेल घेऊन जागतिक विक्रमाची बरोबरी केली. हेमंत कानिटकर आणि त्यांचे चिरंजीव हृषीकेश दोघेही भारताकडून खेळले. सुरेंद्र भावे धावांच्या राशी घालूनही खेळले नाहीत. कमी पडत होता तो शेवटचा घाव. 1970-71 च्या अंतिम सामन्यात समोर मुंबई होती, पण वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडीजमध्ये इतिहास घडवत होते. सुधीर नाईक यांच्या उरल्यासुरल्या मुंबईनेही बोर्डेंच्या महाराष्ट्राला 48 धावांनी हरवले. 1992-93 ला पंजाबने हरवले. पुढे गंमत पाहा: हृषीकेश कानिटकर राजस्थानचे कर्णधार म्हणून गेले आणि 2010-11, 2011-12 अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक त्यांनी तिकडे जिंकून दिला.

मराठवाड्याची भर या संघात विसाव्या शतकाच्या शेवटी ठळक दिसू लागली. औरंगाबादचा वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दीकी आणि बीडचा अष्टपैलू संजय बांगर यांनी डिसेंबर 2001 मध्ये मोहालीत, इंग्लंडविरुद्धच्या एकाच कसोटीत पदार्पण केले. सिद्दीकी महाराष्ट्राच्या संघातून आला होता. बांगरने मात्र रेल्वेची नोकरी आणि रेल्वेचा संघ ही वाट धरली. त्या काळच्या क्रिकेटपटूसाठी पोटापाण्याची हमी देणारी वाट तीच होती. भारताला जिंकायला दुसऱ्या डावात अवघ्या पाच धावा हव्या होत्या, तेव्हा सलामीला सिद्दीकीलाच पाठवले गेले.

मग जालन्याचा विजय झोल आला. 2011 मध्ये नाशिकला आसामविरुद्धच्या कूचबिहार करंडकाच्या सामन्यात त्याने नाबाद 451 धावा केल्या. निंबाळकरांना जिथे थांबावे लागले त्याच्या आठ धावा पुढे, पण सामना कुमारांचा असल्याने प्रथम श्रेणीच्या वह्यांत त्याला जागा नाही. जानेवारी 2014 मध्ये वानखेडेवर रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीत मुंबईचा दुसरा डाव 129 वर कोसळला, महाराष्ट्रापुढे 252 चे लक्ष्य आले आणि केदार जाधव (नाबाद 120) व झोल (नाबाद 91) यांनी ते आठ गडी राखून गाठले. मुंबईला मुंबईत हरवण्याचा हा आनंद करंडकाच्या तोडीचा होता. करंडक मात्र हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने नेला. जाधवने त्या हंगामात 1223 धावा केल्या.

ऑक्टोबर 2016 मध्ये पुन्हा वानखेडेवर, दिल्लीविरुद्ध, कर्णधार स्वप्नील गुगळे (नाबाद 351) आणि पैठणचा अंकित बावणे (नाबाद 258) यांनी तिसऱ्या गड्यासाठी 594 धावांची अखंड भागीदारी केली. कोणत्याही गड्यासाठीच्या भागीदारीचा 624 चा जागतिक विक्रम तीस धावांवर असताना गुगळेने 2 बाद 635 वर डाव घोषित केला. या वेळी कोणी मैदान सोडायची धमकी दिलेली नव्हती. दिल्लीकडून ऋषभ पंतने 308 धावा ठोकून उत्तर दिले आणि सामना अनिर्णित राहिला.

संघ खऱ्या अर्थाने पगारी झाला तो अलीकडेच. देवधरांच्या पिढीचा उदरनिर्वाह शाळा-कॉलेजांवर होता, नंतरच्यांचा बँका, कंपन्या आणि रेल्वेवर. 2021 मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने देशांतर्गत खेळाडूंचे मानधन अनुभवानुसार दिवसाला 40 ते 60 हजार रुपये केले. 2023 पासून महाराष्ट्र प्रीमियर लीग ही संघ विकत देऊन खेळवली जाणारी स्पर्धाही सुरू झाली. तिच्यात सुरुवातीला छत्रपती संभाजी किंग्ज या नावाने मराठवाड्याचा संघ होता. सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर होतात. 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावांची खेळी करणारा सचिन धस बीडचा. त्याच वयोगटात 2022 चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातला राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा. दोघांचाही रणजी संघ महाराष्ट्र. 2025 मध्ये मुंबई सोडून पृथ्वी शॉ या संघात आला. 2025-26 च्या हंगामात संघाचा कर्णधार होता पैठणचा अंकित बावणे.