खरी गोष्ट कोणती?

गेल्या दिवाळीत फराळाची ताटे पुढ्यात असतानाच माझ्या दोन नातवांचे भांडण जुंपले. विषय ‘स्टार वॉर्स’चा. 1977 साली पहिला चित्रपट आला. पुढे त्याच विश्वावर कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या निघाल्या. 2014 साली मालक कंपनीने जाहीर केले, की आजवरच्या या कादंबऱ्या आता दंतकथा समजाव्यात, प्रमाण धरू नयेत. धाकट्याच्या आवडीचा नायक नेमका त्या दंतकथांत जाऊन पडला होता! “एका कागदाने तो खोटा कसा ठरतो?” असे म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

मला हसू आले खरे, पण प्रश्न काही पोरकट नव्हता. आमच्या यवतमाळला तर तो मुळीच नवा नाही. येथे शारदाश्रमात यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभावांच्या जुन्या पोथ्यांचा आयुष्यभर शोध घेतला. 1925 साली त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ निघाला. त्या पोथ्यांच्या पोटात हाच प्रश्न दडलेला आहे.

चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे मनावर घेतले. ज्याने स्वामींना पाहिले, त्याच्याकडे जावे, त्याच्या तोंडून लीळा ऐकावी आणि नागदेवाचार्यांना विचारून ती लिहावी, असा त्यांचा क्रम. 1278च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पंथाने वचनांची पायरीही ठरविली: स्वामींचे शब्द ती श्रुती, नागदेवांचे ती स्मृती आणि त्यामागून आलेल्या वडीलधाऱ्यांचा तो वृद्धाचार. कोणाच्या शब्दाला किती वजन, याचा एवढा चोख हिशेब झाला.

पण यादवांचे राज्य बुडाले, त्या धामधुमीत मूळ पोथीच हरवली, असे परंपरा सांगते. मग ज्याला जे पाठ होते त्यावरून ती पुन्हा उभी करावी लागली. हिराइसेला आठवले ते एक, दुसऱ्याला आठवले ते थोडे निराळे. आता खरे कोणाचे मानायचे?

येथेच त्या मंडळींचे शहाणपण दिसते. कित्येक पोथ्यांत त्यांनी हे भेद पुसून टाकले नाहीत. ज्याची आठवण त्याच्या नावानिशी नोंदवली. अशा पाठभेदाला त्यांचा शब्दही मोठा गोड आहे, ‘वासना’. अर्थात तंटे संपले असे नव्हे. 1978 साली वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ छापून आले, तेव्हा पंथातील अनेकांनी त्याला हरकत घेतली. श्रद्धेच्या माणसाला पाठ म्हणजे नुसती शाई नव्हे.

कंपनीला आपल्या कथेची पुढची वाट मोकळी हवी होती. तिचेही चालले असेल. परंतु हरवलेल्या माणसाला जपायचे असते, तेव्हा एकही आठवण टाकून देववत नाही.

आमचे घराणे यवतमाळला कसे आले, याची कथा थोरल्या आत्या एक सांगत, काका दुसरी. आजवर मी त्यांतली खरी कोणती, हेच शोधत बसलो होतो. त्या रात्री नातवाला वही दिली आणि दोन्ही लिहून घ्यायला सांगितल्या, सांगणाऱ्याच्या नावासह.